उंबऱ्यावर एक बोट कुंकू

उंबऱ्याजवळ बसा. घाईची कामं असतील तर ती आधी उरका आणि मग या, कारण पुढे जे करायचं आहे ते सावकाश करायचं आहे. हल्लीच्या घरांत उंबरा म्हणजे दगडाची दोन बोटं उंच पट्टी असते. तीही चालेल. पाठ भिंतीला टेकवा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या, त्याला वळण लावायला जाऊ नका.

आता मनासमोर एक घागर आणा. मातीची, नवी, कालच कुंभाराकडून आणलेली. घेताना कुणीतरी तिच्यावर बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आहे, आणि ती ठणठणीत वाजली म्हणूनच ती या घरात आली आहे. तिच्यात पाणी ओता. नवी घागर पहिलं पाणी स्वतःच पिते. थोड्या वेळाने तिच्या अंगावर बाहेरून ओल दिसू लागेल, मग हात लावला की गार लागेल. ती ओल उमटेपर्यंत काही करू नका. नुसतं तिच्याकडे पाहत बसा.

ही वैशाखातली सकाळ आहे. नंदुरबारला या दिवसांत नऊ वाजताच ऊन अंगावर येतं आणि दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो. शेतं मोकळी पडली आहेत, विहिरींनी तळ गाठला आहे, गुरं निंबाच्या सावलीत उभी आहेत. पंचांगात या तिथीला अक्षय्य तृतीया म्हणतात. खानदेशात तिला आखाजी म्हणतात. वर्तमानपत्रं या दिवशी सोन्याच्या जाहिरातींनी भरून येतात. सोन्याला माझी हरकत नाही, पण वैशाखात तहानलेल्या माणसाला सोन्याचा उपयोग नाही. आखाजी हा मातीच्या घागरीचा दिवस आहे, आणि तो पितरांचा आहे.

पाटावर धान्य पसरतात, त्यावर पाण्याने भरलेली घागर ठेवतात. घागरीच्या तोंडावर मातीचं लहान भांडं, त्यावर खरबूज, जवळ आंबे आणि सांजोऱ्या. आमच्याकडे याला घागर भरणं म्हणतात. हे क्रियापद जरा जवळून पाहा. भरायची ती कुणासाठी? जो लांबून येणार आहे आणि आल्या आल्या पाणी मागणार आहे, त्याच्यासाठी. गेलेल्या माणसाला तहान लागते, या एका समजुतीवर आखाजीचं सगळं मांडलेलं आहे. ती समजूत खरी की खोटी या वादात आत्ता शिरू नका. तेवढं बाजूला ठेवा आणि इतकंच करा: तुमचं जे माणूस गेलं आहे, त्याला तहानलेलं तुम्ही कधी पाहिलं होतं ते आठवा.

शेतावरून आल्यावर तांब्या ओठांपासून वर धरून पिणारे आजोबा असतील. एसटीतून उतरल्याबरोबर पदराने गळा पुसत माठाकडे गेलेली आई असेल. किंवा शेवटच्या दिवसांत, गिळणं बंद झाल्यावर, ओल्या कापसाने तुम्ही त्यांचे ओठ पुसले असतील. यातलं जे आठवेल ते येऊ द्या. ते दुखरं असेल तर तिथे थोडं अधिक थांबा. घागर कुठे जात नाही.

आता कुंकू घ्या. आखाजीच्या सकाळी खानदेशातल्या घरांत उंबरा धुऊन पुसून त्याची पूजा करतात. मग कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर ओढत जातात, आणि प्रत्येक बोटाबरोबर घरातल्या एका गेलेल्या माणसाचं नाव घेतात. एक बोट, एक नाव. त्यात मोठा मंत्र नाही, मूर्ती नाही. लाल रेघांची एक ओळ लाकडावर वाढत जाते आणि घरातली सगळी माणसं ती पाहत उभी असतात. लहान मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं की आपल्या आधीही या दारातून कुणी ये-जा करत होतं.

पहिलं बोट ओढा. घाई न करता, डावीकडून सुरू करा. नाव मोठ्याने घ्या. मनातल्या मनात घेतलेलं नाव आणि ओठांनी उच्चारलेलं नाव यांत फरक आहे. उच्चारताना आवाज किंचित हलतो, तो हलू द्या. मग दुसरं. दुसऱ्यानंतर तिसरं.

आमच्या घरात आजीला मोठी माय म्हणत. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. उंबऱ्यावर बोटं ओढायचे ते वडील, आणि ती आत चुलीशी बसून खापरावरची पोळी उलटता उलटता नावं सांगायची. वडिलांचा हात थांबला की आतून नाव यायचं. पणजोबांचं, त्यांच्या भावाचं, प्लेगात गेलेल्या कुणा चुलत्याचं, ज्याचा आमच्या घरात फोटो नव्हता, कागद नव्हता, फक्त तिच्या तोंडात तो उरला होता. ती गेली त्याच्या पुढच्या आखाजीला पहिलं बोट तिचं पडलं. वडिलांनी दुसरं ओढलं, तिसरं ओढलं, चौथं ओढलं. पाचव्याला हात हवेत राहिला. आतून आवाज आला नाही. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होतो. मग वडिलांनी नाव न घेताच एक बोट ओढलं आणि उठले.

ते बिननावाचं बोट मी विसरलेलो नाही. माणूस गेला की तो एकटाच जातो असं आपण समजतो. मोठी माय गेली तेव्हा तिच्याबरोबर पाच-सात माणसं आमच्या घरातून दुसऱ्यांदा गेली.

तुमच्या उंबऱ्यावर हात कितव्या बोटाला थांबतो ते पाहा. तिथेच थांबा. लाज वाटून घेऊ नका, कुणालाही सांगू नका. फक्त आकडा लक्षात ठेवा.

थोडं दूर जाऊन येऊ. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, मेक्सिकोत, नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला घरोघरी एक मांडणी होते. टेबलावर किंवा चौरंगासारख्या पायऱ्यांवर कापड अंथरतात, गेलेल्यांचे फोटो ठेवतात, मेणबत्त्या लावतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात. मीठ असतं, धूप असतो. आणि पाण्याने भरलेला पेला असतो. का? लांबचा प्रवास करून येणाऱ्या जिवाला तहान लागलेली असते म्हणून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. ज्या लोकांनी कधी आखाजीचं नाव ऐकलं नाही, त्यांनीही गेलेल्या माणसापुढे सगळ्यात आधी पाणीच ठेवलं होतं.

त्यांच्या घरी वाट चुकू नये म्हणून रस्त्यापासून मांडणीपर्यंत फुलांच्या पाकळ्या टाकतात. फूल कोणतं, तर झेंडू. तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतून आलेल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘वीस फुलं’ असा होतो, म्हणजे भरगच्च पाकळ्यांचं. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिथलाच, आणि त्याला आपण कधीच परका मानलं नाही. मिचोआकान प्रांतात पात्स्क्वारो तळ्यातल्या हानित्सिओ बेटावर पुरेपेचा समाजाच्या बायका त्या रात्री कबरीपाशी मेणबत्त्या लावून बसतात, पहाटेपर्यंत. कोणी भाषण करत नाही. रडणं असतं, पण तेवढंच नसतं. बसण्यासाठी आलेल्या माणसांत जे शांतपण असतं ते असतं. आत्ता तुम्ही उंबऱ्याशी बसला आहात, तसंच.

या परंपरेला २००३ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं आणि २००८ मध्ये आपल्या यादीत घेतलं. मेक्सिको शहरात सांगाडे नाचवत निघणारी जी मोठी मिरवणूक आपण पडद्यावर पाहतो, ती मात्र २०१६ ची. आदल्या वर्षीच्या एका जेम्स बाँडपटात तशी मिरवणूक दाखवली आणि मग ती प्रत्यक्षात निघू लागली. मिरवणुकीत वाईट काही नाही. पण सण तिथे नाही. तो त्या पाण्याच्या पेल्यापाशी आहे.

ऑक्टाव्हिओ पाझ हा मेक्सिकोचा मोठा कवी १९६२ ते १९६८ या काळात भारतात आपल्या देशाचा राजदूत होता. त्याच्या १९५० सालच्या निबंधसंग्रहात मृतांच्या या दिवसावर एक पूर्ण निबंध आहे, आणि नंतर भारतावर लिहिलेल्या पुस्तकात त्याने दोन्हीकडच्या तिखट रश्शांची तुलना केली. तो नंदुरबारला आला असता तर त्याला हवेतला ठसका ओळखीचा वाटला असता. इथे हिवाळ्यात मिरचीच्या पथारी पडतात; गावाबाहेरची जमीनच्या जमीन लाल होते. ती मिरची मेक्सिकोची. शहाद्याकडच्या शेतांतली पपई त्याच भागातली. सातपुड्यात धडगावच्या बाजूला ज्या मक्याची भाकर थापतात, तो मका नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी एका रानगवतातून घडवला. त्यांच्या मांडणीवरचा तमाल हा पदार्थ मक्याचा, रस्सा मिरचीचा. म्हणजे ते आपल्या मृतांना जे वाढतात, त्याचंच बियाणं आपल्या शेतात उभं आहे. इतकी वर्षं आपण ते खातो आहोत. पुढचा घास घेताना हे एकदा आठवा, बाकी काही करायला नको.

परत उंबऱ्याशी या. घागरीला हात लावून पाहा. ओल उमटली असेल.

आता बाहेरचा आवाज ऐका. निंबाच्या फांदीला झोका बांधला आहे आणि त्यावर पोरी गात आहेत. आखाजी सासुरवाशिणींची. भाऊ जाऊन बहिणीला घेऊन येतो. दिवाळीपेक्षाही या सणाला माहेरी येण्याची ओढ मोठी. बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता केली, तिच्यातही हा झोका आहे. गौराई बसलेली असते, तिची गाणी चाललेली असतात, आणि आत उंबऱ्यावर पितरांची बोटं सुकत असतात. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. एकाच दिवशी मेलेल्यांची आठवण आणि पोरींचा झोका, हे एका घरात कसं मावतं? मोठेपणी हळूहळू लक्षात आलं. या उंबऱ्यातून जी माणसं बाहेर गेली, त्या सगळ्यांना परत बोलावण्याचा हा दिवस आहे. कुणी तिरडीवरून गेलं, कुणी वरातीतून. घराने दोघांनाही हाक मारायची.

तिसरीही माणसं आहेत. आखाजीलाच सालदाराचं साल संपतं आणि नवं ठरतं. वर्षभर दुसऱ्याच्या वाड्यावर राहिलेला माणूस या दिवशी आपल्या घरी असतो. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं उन्हाळ्यात डोंगराकडे परततात. तुमच्या घरातून असं कोण बाहेर गेलं आहे? पुण्याला, सुरतेला, अमेरिकेला? ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे असं कुणी? त्याच्यासाठी बोट ओढू नका, ते जिवंत आहे. पण आत्ता, या बसण्यात, त्याचंही नाव एकदा घ्या.

आता एक अवघड भाग.

तुम्ही जी नावं घेतलीत त्यांत बायकांची किती? बहुतेक घरांत उंबऱ्यावर बापाकडची ओळ चालते. आणि त्या ओळीतल्या बायकांची नावंही सासरी ठेवलेली. माझ्या मोठ्या मायला लग्नात नवं नाव मिळालं, ते कागदावर होतं. माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं, तेही तिच्या धाकट्या बहिणीच्या तोंडून. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत तिला ज्या नावाने हाक मारली जात होती, ते नाव आमच्या घरात एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं. ती ज्या झोक्यावर बसली असेल तो त्या नावाचा होता. आता आम्ही तिच्यासाठी दोन बोटं ओढतो. शास्त्रात बसतं की नाही मी विचारलेलं नाही.

तुमच्या आईच्या आईचं माहेरचं नाव काय? थांबा. आठवतं का पाहा. आठवत नसेल तर इथेही एक खूण मनाशी करून ठेवा.

आणि मुलं. आपल्या रीतीत तान्ह्या मुलांना जाळत नाहीत, पुरतात, आणि त्यांचं श्राद्ध करत नाहीत. उंबऱ्यावर त्यांचं बोट पडत नाही. मेक्सिकोत १ नोव्हेंबर हा दिवस खास मुलांचा. त्यांच्यासाठी मांडणीवर दूध ठेवतात, गोड ठेवतात, खेळणी ठेवतात. मोठ्यांची पाळी दुसऱ्या दिवशी. आपल्याकडेही फार जुन्या काळी मुलांना कुणी विसरत नव्हतं. नेवासे आणि इनामगावच्या उत्खननांत, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, लहान मुलांचे सांगाडे सापडले. दोन मातीच्या कुंभांची तोंडं एकमेकांना लावून, त्यांच्या आत मूल ठेवून, राहत्या घरातच पुरलेलं. जमिनीवर आई चूल पेटवत होती आणि खाली तिचं मूल घागरीत होतं. ज्या आईने हे केलं तिला मूल लांब जायला नको होतं, एवढं तरी आपण समजू शकतो.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न जुना नाही. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अजूनही बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो, आणि अंगावर मांस नसलेली बाळं पावसाळ्यात जातात. त्यांतली कित्येक नाव ठेवण्याआधीच जातात. मी या बाळांसाठी एक बोट ओढतो. तुमच्या घरात असं मूल गेलं असेल, जन्मलेलं किंवा जन्माआधीच गेलेलं, ज्याच्याविषयी घरात बोलणं होत नाही, तर त्याच्यासाठी ओढा. जवळ मूल गमावलेली आई असेल तर तिला कुंकू पुढे करा आणि तुम्ही गप्प राहा.

इथे हवा तेवढा वेळ घ्या.

उंबरा फक्त घराला नसतो. नंदुरबार शहराला एक आहे, भर बाजारात. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. दरवर्षी त्या तारखेला स्मारकापाशी शाळेची मुलं जमतात आणि फुलं वाहतात. शिरीषकुमारचं नाव पाठ्यपुस्तकात आलं म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेली चार नावं ओळीने घेता येणारी माणसं गावातही कमी भेटतात. वरची पाच नावं पुन्हा वाचा, या वेळी ओठ हलवून. पाच बोटं. एक हात भरतो.

उत्तरेकडे चला, सातपुड्यात. तिथे उंबऱ्याची रीत नाही. भिल्ल, पावरा समाजात मोहाची दारू ओठाला लावण्याआधी चार थेंब जमिनीवर सोडतात, पूर्वजांसाठी. नवं धान्य आलं की देवाला आणि पूर्वजांना दाखवल्याशिवाय खात नाहीत. गेलेल्या माणसाच्या नावाने शिवारात दगड किंवा लाकडाचा खांब उभा करतात. कुठे त्यावर घोडेस्वार कोरलेला असतो, वर सूर्य-चंद्र. पितर तिथे वर्षातून एक दिवस येत नाहीत. ते तिथेच असतात, शेताच्या कडेला, राखणीला.

सरदार सरोवराच्या पाण्यात याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची ३३ गावं आली. मणिबेली पहिलं. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. ज्यांना जमीन मिळाली ते तळोद्याकडच्या वसाहतींत उतरले, काही जण डोंगराच्या वरच्या अंगाला सरकले. शेताच्या बदल्यात शेत मागता येतं, घराच्या बदल्यात घर, आणि त्यासाठी लोक वर्षानुवर्षं लढले. पण जिथे बाप जाळला त्या जागेच्या बदल्यात काय मागायचं? तिथे आता बोट चालते. गेलेल्यांना पाणी द्यावं असं आपण म्हणतो. त्यांच्या पितरांवर इतकं पाणी उभं आहे की वरून तळ दिसत नाही.

यावर मला काही म्हणायचं नाही. डोळे मिटा, त्या पाण्याचा हिरवा पृष्ठभाग पाहा, आणि त्याखाली एक दगड आहे, त्यावर एक घोडेस्वार आहे, एवढंच डोळ्यांसमोर धरा. दहा श्वास.

मग तापीच्या काठी या. शहादा तालुक्यात, तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. खानदेशातून आणि पलीकडच्या गुजरातेतून माणसं इथे अस्थी घेऊन येतात. लाल कापडात बांधलेलं मडकं मांडीवर धरून एसटीत बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. शेजारचा प्रवासी न विचारता जागा करून देतो. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथली टेकडी खणली, तेव्हा थराखाली थर लागत गेले आणि सगळ्यात खाली ताम्रपाषाण युगातली रंगवलेली मातीची भांडी निघाली. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपासून या संगमावर कुणी ना कुणी मडकं भरून घरी नेत होतं. त्यांची नावं कुणाच्याच तोंडात उरलेली नाहीत. पण पाण्याला उतरायची वाट तीच असणार. काठाचा उतार फार बदलत नाही.

नंदुरबारच्या कब्रस्तानात शब-ए-बरातच्या रात्री मुलगे बापाच्या कबरीपाशी उभे असतात. नवापूरकडच्या ख्रिस्ती गावांत दफनभूमीतल्या क्रुसावर नाव आणि दोन तारखा असतात. प्रत्येकाचा दिवस वेगळा, महिना वेगळा. काम तेच आहे, जाऊन उभं राहायचं आणि नाव घ्यायचं.

आता घरी परत. दुपार झाली आहे. पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी यांचं ताट वाढलं आहे. चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर तूप सोडतात आणि प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा घास टाकतात. याला आगारी टाकणं म्हणतात. गॅसच्या घरांत गोवरीचा तुकडा पेटवून करतात. तूप पडतं, जाळ एकदम उठतो, मग बसतो. धूर सरळ वर जातो की कलतो, याकडे म्हाताऱ्या बायका लक्ष देऊन पाहतात. तुम्हीही पाहा. त्या घासाच्या वासात एक क्षण असा येतो की गेलेलं माणूस जेवायला बसलं आहे असं वाटतं. ते वाटणं आलं तर त्याला तपासत बसू नका. नाही आलं तरी घास टाका.

आगारी झाली की पितर म्हणून बोलावलेल्या पाहुण्याला आधी वाढतात. शेजारचा असतो, रोजचा ओळखीचा, एरवी बांधावरून भांडणारा. आज तो कुणाचे तरी वडील असतो, कुणाचे तरी आजोबा. त्याला पाट देतात, पाणी देतात, पोट भरलं का विचारतात. जेवून तो उठतो तेव्हा घरातली म्हातारी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

मग घरातली माणसं जेवतात. झोका संध्याकाळपर्यंत चालतो. उंबऱ्यावरची बोटं दोन-तीन दिवस राहतात. येता-जाता पाय पडू नये म्हणून सगळे जरा उंच पाऊल टाकतात. नंतर ती पुसट होतात. घागर पुसली जात नाही, ती पाणी ठेवायच्या जागी जाते आणि उन्हाळाभर घर तिचंच पाणी पितं.

डोळे उघडे असतील तर समोरच्या पट्टीकडे पाहा. तुम्ही मनाने ओढलेली बोटं मोजा. हात कुठे थांबला होता, कोणतं माहेरचं नाव आठवलं नाही, ते तुमच्या लक्षात आहेच.

ती नावं अजून कुणाच्या तरी तोंडात आहेत. मावशीच्या असतील, गावातल्या चुलत आजीच्या असतील, अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आत्याच्या असतील. पुढच्या आखाजीची वाट पाहू नका. या आठवड्यात जा. पाण्याचा तांब्या भरून त्यांच्याजवळ ठेवा, वही-पेन घेऊन खाली बसा, आणि विचारा: “माय, तिनं माहेरनं नाव काय व्हतं?”